दहाटायरीच्या गियरबॉक्सला तापमानाचा काटा बसवायचाय, सेन्सर कुठं लावावा?

गेवराईकर

नमस्कार मंडळी. आपली गाडी २०१६ ची दहाटायरी ट्रक, उघडी बॉडी, सहा गियर. धाकटा भाऊ चालवतो, हिशोब आणि मेंटेनन्स मी बघतो. जालन्यातून सळई भरायची, शहागड, बीड, धाराशिव करत सोलापूरला उतरवायची, येताना मिळेल तो माल.

दोन महिन्यांखाली मांजरसुंब्याच्या घाटात चौथ्यातून तिसऱ्यात टाकताना कर्रकन आवाज आला आणि त्यानंतर गाडी उचलेना. गियरबॉक्स उतरवून खोलला तर मेन शाफ्टवरची तिसऱ्या गियरची बेअरिंग निळी पडून शाफ्टला चिकटलेली. तेल डांबरासारखं. त्याचा जळका वास हाताला दोन दिवस होता. शाफ्ट, बेअरिंग, दोन पितळी रिंगा, मजुरी असं करत पासष्ट हजार गेले आणि गाडी बारा दिवस उभी. हप्ता चालूच.

खोलल्यावर अजून एक गोष्ट कळली. त्याआधी एका गॅरेजात तेल बदलून घेतलं होतं. तिथं गियरबॉक्समधी हौसिंगचं, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या गियरचं, जाड तेल ओतलं होतं. बिलावर नुसतं 'गियर ऑइल' लिहिलेलं, मी वाचलं आणि खिशात घातलं. ही चूक माझीच, ग्रेड विचारायला पाहिजे होता.

आमचे मिस्त्री म्हणाले, तेल एका दिवसात जळत नाही, कित्येक फेऱ्या ते तापत आलं असणार. मग मला झोपच येईना. इंजिनाला पाण्याचा काटा आहे, ऑइल प्रेशरचा आहे, हवेच्या टाक्यांचे आहेत. पाठीमागं सगळा भार ओढणाऱ्या गियरबॉक्सला मात्र काहीच नाही. म्हणून आता काटा बसवायचाच. सेन्सर कुठं लावावा, २४ व्होल्टचं काय करावं, आणि किती आकड्याला गाडी बाजूला घ्यावी, हे ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

लेथ_जालना

भाऊ, हे काम माझ्या हातून पाच-सहा गाड्यांना झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

लोक पहिल्यांदा ड्रेन नटच (तेल सोडायचा बुडाचा नट) म्हणतात. नवीन नट घ्यायचा, लेथवर मधोमध भोक पाडायचं, सेन्सरच्या आट्याचा टॅप मारायचा, झालं. सेन्सर कायम तेलात बुडालेला राहतो, म्हणून आकडा खरा येतो. पण दोन अडचणी आहेत. एक, बऱ्याच ड्रेन नटात लोहचुंबक असतो, भोक पाडलं की तो गेला. लोखंडाचा चुरा मग तेलात फिरत राहतो. दुसरी, सेन्सर गाडीच्या पोटाखाली दोन-अडीच इंच लोंबतो. खडीच्या रस्त्यावर एक दगड उडाला आणि सेन्सर तुटला तर सगळं तेल वाटेवर सांडून जाईल आणि ड्रायव्हरला पत्ता लागणार नाही.

तुमची उघडी बॉडी आहे, टिपर नाही. म्हणजे गियरबॉक्सच्या बाजूला पीटीओची जागा (टिपरमध्ये बॉडी उचलणारा पंप जिथून फिरतो ती) झाकणानं बंद केलेली असणार. ते झाकण काढा. त्याचा खालचा भाग तेलाच्या लेव्हलखाली येतो. भोक तिथं. चुंबक शाबूत, सेन्सर बाजूला सुरक्षित, आणि उद्या नको वाटलं तर साधं झाकण परत लावता येतं.

भोक पाडायच्या आधी लेव्हल नटाची (तेल कुठवर आहे ते बघायचा बाजूचा नट) खालची कड कुठं येते ते झाकणावर खडूनं मारून घ्या आणि त्याच्याखाली दीड इंच उतरा. मग वेल्डिंगची तार भोकातून आत घालून सगळ्यात जवळचा गियर किती लांब आहे ते बघा. सेन्सरचं टोक आणि गियर यांच्यात निदान १० मिलिमीटर जागा पाहिजे. शाफ्ट हातानं फिरवून पुन्हा मोजा, एका जागी मोजून भागत नाही.

हिंगोली_टिपर

एवढा कुटाणा कशाला? मी लेव्हल नटालाच सेन्सर लावलाय. तेल सोडायचं काम नाही, अर्ध्या तासात फिट. आकडा कायम ७०-७५ च्या आतच असतो, गाडी एकदम थंड.

लेथ_जालना

टिपर दादा, रागवू नका, पण हा आकडा मला धोक्याचा वाटायलाय. लेव्हल नटाच्या खालच्या कडेपर्यंतच तेल असतं. गाडी चढाला लागली किंवा अर्धा लिटर तेल झिरपलं की सेन्सर उघडा पडतो आणि आतल्या हवेचं, वाफेचं तापमान दाखवायला लागतो. म्हणजे तेल जितकं कमी, काटा तितका थंड. ज्या दिवशी काट्यानं ओरडायला पाहिजे, त्याच दिवशी तो गप्प बसेल. भरलेली गाडी घाटातून आली की गियरबॉक्सच्या बुडाला हात लावून बघा, ७०-७५ चा चटका आहे का त्याहून जास्त ते तुम्हालाच कळेल.

लातूर_डाळमिल

हात नका लावू, भाजेल. आमच्याकडं मिलच्या मोटारींसाठी तापमान मोजायची गन आहे, तीच मी गाडीला वापरतो. एक लक्षात ठेवा, चकचकीत ॲल्युमिनियमवर गन चुकीचा, कमी आकडा दाखवते. बुडाला चार बोटांएवढा काळा रंग मारून घ्या आणि त्याच ठिकाणी धरा. बाहेरचं अंग आतल्या तेलापेक्षा थोडं थंडच असतं, तेवढा फरक मनात धरायचा. गन काट्याची जागा घेऊ शकत नाही, कारण चालत्या गाडीत ती धरता येत नाही. पण काटा खरं बोलतोय का हे तपासायला लई कामाची.

वायरिंग_परभणी

विजेचं मी सांगतो, कारण इथंच लोक गेज जाळून घेतात.

बाजारात स्वस्त मिळणारे बहुतेक गेज १२ व्होल्टचे, मोटारींसाठीचे. आपल्या ट्रकची सिस्टीम २४ व्होल्ट, आणि गाडी चालू असताना ती २८ च्या आसपास असते. १२ चा गेज तिथं टिकत नाही. मग कुणीतरी शहाणपण सांगतं की दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ घ्या. हे अजिबात करू नका. एक बॅटरी रोज थोडी थोडी उतरते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि सहा महिन्यांत दोन्ही जातात. २४ व्होल्टचाच गेज घ्या. नाहीच मिळाला तर २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

गेज आणि सेन्सर एकाच जोडीचे पाहिजेत. तापलं की सेन्सरचा रोध कमी होतो, त्यावरून काटा चढतो. प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं, एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या गेजला लावला तर काटा हलेल पण खोटं बोलेल.

गेजला चार वायरी येतात. एक चावीवरून, तिच्यात सुरुवातीलाच २ अँपियरचा फ्यूज. एक अर्थिंग. एक दिव्याची, पार्किंगच्या लाइटवरून, म्हणजे रात्री गेज उजळतो. चौथी सेन्सरकडं. ही चौथी सगळ्यात लांब आणि हीच घासून तुटते. काळ्या नळीत घाला, सायलेन्सर आणि जोड शाफ्टपासून (गियरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा) लांब बांधा, केबिनच्या पत्र्यातून जाते तिथं रबरी बूश घाला. तुमची केबिन पुढं झुकणारी असेल तर बिजागरीपाशी वायरीला ढील ठेवा. नाहीतर पहिल्यांदा केबिन उचलली की वायर तुटली. मी स्वतः अशा दोन गाड्या जोडून दिल्यात.

तपासायला सोपं आहे. सेन्सरची वायर काढली की काटा एकदम थंडाकडं जातो, तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवली की एकदम गरमाकडं. दोन्ही झालं तर गेज आणि वायरिंग ठीक आहे, शंका असेल ती सेन्सरची.

वाळूज_पिकअप

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, धागा भरकटवतोय असं वाटलं तर सांगा. माझ्याकडं ऑटोमॅटिक गियरचं पिकअप आहे, माल भरून ट्रॉली ओढतो. त्याला कुठं लावावा?

वायरिंग_परभणी

ऑटोमॅटिकमध्ये उष्णता मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारा भाग) तयार होते. कन्व्हर्टर लॉक व्हायच्या आधी, म्हणजे चढाला कमी वेगात, तेल घुसळून तापतं. तिथून ते कूलरकडं जातं, थंड होऊन परत येतं. कूलरकडं जाणाऱ्या नळीत टी बसवून सेन्सर लावला तर सगळ्यात गरम तेलाचा आकडा मिळतो, पण तो सारखा उड्या मारतो, बघून जीव घाबरतो. खालच्या तेलपात्रात लावला तर आकडा संथ असतो, गियरबॉक्स एकूण किती तापलाय ते तो सांगतो. मी तेलपात्राचं सांगीन. तिथं ७५ ते ९५ रोजचं धरा, ११० ला पाय हलका करा, १२० ला थांबा. थांबल्यावर इंजिन बंद करू नका, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील. तुमचं पिकअप १२ व्होल्टचं, त्यामुळं गेजला अडचण नाही.

अहमदपूर_जुना_ड्रायव्हर

मी एकतीस वर्षं गाडी चालवली, आता पोरगा चालवतो. सेन्सरचं मला कळत नाही, पण गेवराईकर, एक विचारतो. तुमचा भाऊ उताराला गाडी न्यूट्रल करतो का?

गेवराईकर

काका, विचारून सांगतो.

विचारलं. आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, परतीला रिकामी असली की मांजरसुंब्यावरून बीडकडं उतरताना करतो, डिझेल वाचतं म्हणून.

अहमदपूर_जुना_ड्रायव्हर

मग तुमची तिसऱ्याची बेअरिंग कशानं गेली याचं अर्धं उत्तर मिळालं.

गियरबॉक्सला तेलाचा पंप नसतो बाळा, बहुतेक गाड्यांना नसतो. खालचा काउंटर शाफ्ट तेलात फिरतो आणि तेल वर उडवतो, त्यावर वरच्या शाफ्टच्या बेअरिंगा जगतात. गियरमध्ये असताना दोन्ही शाफ्ट एकमेकांच्या हिशोबात फिरतात. न्यूट्रल केलं की चाकं वरच्या शाफ्टला साठ-सत्तरच्या वेगानं फिरवतात, आणि खालचा शाफ्ट बिचारा इंजिनाच्या आयडलवर रेंगाळतो. वर वेग पूर्ण, तेल जेमतेम. दहा किलोमीटर असं उतरलात की आतल्या बेअरिंगा कोरड्या भाजतात. म्हणूनच बंद पडलेली गाडी ओढून न्यायची असली की आधी जोड शाफ्ट सोडायचा असतो. तुमची घाटातून ओढून आणली तेव्हा सोडला होता का?

आणि न्यूट्रलमध्ये एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा) काम करत नाही. सगळा भार पायाच्या ब्रेकवर, ड्रम तापतात. डिझेलचं म्हणाल तर गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल देतच नाही. न्यूट्रलमध्ये आयडलला लागेल तेवढं जळतंच. पोराला सांगा, थोरल्या माणसानं सांगितलंय म्हणून सांगा.

गेवराईकर

जोड शाफ्ट सोडला नव्हता काका. क्रेनवाल्यानं पुढून उचलून चाळीस किलोमीटर आणली, आम्हाला तरी कुठं माहीत. भावाला तुमचा मेसेज जसाच्या तसा वाचून दाखवला. त्यानं ऐकून घेतलं, काही बोलला नाही. त्या दिवसापासून करत नाही.

जालना_मालक

वजनाचंही बोला. २०१८ च्या जुलैत तीन ॲक्सलच्या गाडीची, म्हणजे दहाटायरीची, मालासकट एकूण वजनाची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. कागदावर वजन वाढलं, पण २०१६ च्या गाडीतला गियरबॉक्स तोच आहे. माझ्या दोन जुन्या गाड्या मी आजही २५ च्या आतच भरतो. भाडं कमी मिळतं, पण तीन वर्षांत एकही गियरबॉक्स खोलला नाही.

गेवराईकर

अकरा दिवसांनी लिहितोय. बसवला.

पीटीओचं झाकण काढून जालन्याला नेलं. झाकण पोलादी निघालं, म्हणून त्यावर एक जाड गोल तुकडा वेल्ड करून त्यात भोक आणि टॅप. वेल्डिंगच्या उष्णतेनं झाकण केसभर वाकलं होतं. लेथवाल्या भाऊंनी ते काचेवर ठेवून दाखवलं, एका कोपऱ्याखालून कागद सरकत होता. मग काचेवर एमरी पेपर पसरून झाकण आठचा आकडा काढत अर्धा तास घासलं. कागद सरकायचा थांबला तेव्हाच त्यांनी हातात दिलं. मजुरी किती म्हटलं तर चहा पाजा म्हणाले. मी जबरदस्तीनं पैसे ठेवून आलो.

गॅस्केट नवी, तेल नवं ८०डब्ल्यू-९० (ही जाडी), जीएल-४ (हा प्रकार). या वेळी डबा माझ्या डोळ्यांसमोर फोडायला लावला. पितळी रिंगांच्या गियरबॉक्सला जीएल-५ का नको, हे मिस्त्रींनी समजावून सांगितलं: त्यातली गंधकाची द्रव्यं गरम झाली की पितळ खातात. हौसिंगला तेच तेल लागतं, गियरबॉक्सला तेच मारक. आधीच्या गॅरेजानं नेमकं तेच ओतलं होतं, वर जाडही.

बसवायच्या आधी सेन्सर उकळत्या पाण्यात धरून बघितला. आईनं चहाचं पातेलं द्यायला नकार दिला, डब्यात पाणी उकळलं. काटा ९५ वर थांबला. गेज पाच डिग्री कमी दाखवतो असं धरलं होतं, पण शेजारचे शाळेतले गुरुजी म्हणाले, आपलं गाव समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास, इथं पाणी ९८ लाच उकळतं. म्हणजे फरक तीनचाच. गेजखाली '+३' अशी पट्टी चिकटवली.

पण पहिल्याच फेरीला घोळ झाला. भरलेली गाडी, बाहेर ४१, आणि काटा ६० च्या वर जाईना. भाऊ खूश, मला मात्र टिपर दादांचा आकडा आठवला.

वायरिंग_परभणी

सेन्सरच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळली का?

गेवराईकर

हो! गळू नये म्हणून चांगले पाच वेढे.

वायरिंग_परभणी

काढा. तुमचा सेन्सर एका वायरीचा आहे, त्याची अर्थिंग आट्यांतूनच होते. टेपनं ती अडवली. रोध वाढला की गेजला वाटतं तेल थंड आहे. टेपऐवजी सील करायची पेस्ट, तीही पुढचे दोन आटे सोडून, पातळ थर. निमुळत्या आट्याचा सेन्सर जोर लावून आवळू नका, हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं एक ते दीड वेढा बस.

गेवराईकर

केलं. आता आकडे (+३ धरून): सपाट रस्त्याला भरलेली गाडी ८८ ते ९२. मांजरसुंबा चढून घाटमाथ्याला १०४. माथ्यापासून वीस किलोमीटरवर परत ९२. परतीला रिकामी ७८. भाऊ प्रत्येक फेरीला घाटमाथ्याचा आकडा डिझेलच्या वहीत लिहितो.

गाडी कुठल्या आकड्याला बाजूला घ्यायची ते कुणी पक्कं सांगाल का?

लेथ_जालना

साध्या तेलाला ११० पर्यंत चालतं, १२० च्या वर ते झपाट्यानं जळतं आणि रबरी सीलही कडक पडतात. ढोबळ हिशोब असा, की दर १० डिग्रीला तेलाचं आयुष्य निम्मं होतं. पण भाऊ, त्या १२० पेक्षा तुमची वही मोठी. तुमच्या गाडीचा, त्याच घाटाचा, तेवढ्याच मालाचा आकडा १०४ आहे. तो कारण नसताना सात-आठनं चढला की १२० ची वाट बघू नका.

हिंगोली_टिपर

गेवराईकरांचे आकडे वाचून मी गन आणली आणि काळा पट्टा मारून बघितलं. काट्यावर ७२, बुडाला ९६. लेव्हल नट खोलला, बोट आत घातलं तर तेल लागलंच नाही. पाऊण लिटर बसलं. सेन्सर ड्रेन नटाला हलवतोय, खाली पट्टीची जाळी वेल्ड करून. लेथवाले भाऊ, माझं ऐकून न घेता खरं सांगितलंत, आभार.

गेवराईकर

सात आठवड्यांनी पुन्हा. भावाचा फोन आला, घाटमाथ्याला ११३. बाहेर ऊन उलट कमी, माल तेवढाच. त्यानं धाराशिवपर्यंत तिसऱ्या-चौथ्यात हळू नेली आणि उभी केली. सकाळी मी पोचलो, लेव्हल नट खोलला, तेल करंगळीच्या पेराएवढं खाली. मागच्या फ्लँजपाशी धूळ ओली होऊन चिकटलेली, सील गळायलंय. सील तिथंच मिळालं, तेल भरलं. सील सात आठवड्यांपूर्वीच नवं टाकलं होतं, मग गेलं कसं?

लेथ_जालना

ब्रीदर बघितला का? गियरबॉक्सच्या माथ्यावर छोटी टोपी असते. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. ती टोपी बुजली की हवेला वाट नाही, मग ती नव्या सीललाही ढकलून तेल बाहेर काढते.

गेवराईकर

आत्ताच केबिन उचलून बघितलं. टोपी दिसतच नव्हती, काळ्या मातीचा गोळा होता. पावसात सळई शेतातल्या साइटवर उतरवली होती तेव्हाची माती, वाळून विटेसारखी झालेली. खिळ्यानं टोकरून टोपी फिरवली तर फुस्स करून हवा सुटली. डिझेलनं धुऊन, फुंकून परत लावली.

रात्री गाडी भरून निघतेय. घाटमाथ्यावरून फोन करायला सांगितलंय.

गेवराईकर

रात्री दोन वाजून वीस मिनिटं. १०३.